एक ग्रॅमच्या आतला जीव

बिबट्याच्या बछड्याला बाटलीने दूध पाजायचं म्हटलं की आमच्या प्राणी-उपचार केंद्रात स्वयंसेवकांची रांग लागायची. घुबडाच्या पिल्लाला भरवायलाही दोघंतिघं पुढे यायची. चिलटं पाळायला मात्र कुणी तयार नसे. सडक्या केळ्यांचा वास, बाटल्यांच्या तोंडाला बांधलेली फडकी, आणि कितीही जपलं तरी चहाच्या कपात पडणारी दोनचार चिलटं. मी नवी होते म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं, आणि पुढे त्यातलं मला कळायला लागलं म्हणून ते माझ्याकडेच राहिलं. 14 वर्षं राहिलं.

ही चिलटं लागायची ती शॅमेलिऑनच्या पिल्लांसाठी. मराठीत याला सरडगुहिरा म्हणतात, कुठे घोयरा म्हणतात; केंद्रात घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा 'ते हिरवं, डोळे फिरवणारं' एवढंच सांगतो. भारतात याची एकच जात आहे, कोरड्या झुडपी रानात राहणारी. मोठे शॅमेलिऑन आमच्याकडे वर्षाला पाचसहा तरी यायचे. त्याची चाल म्हणजे एक पाऊल पुढे, अर्धं मागे, वाऱ्याने पान हलावं तशी. झाडावर ही चाल त्याला लपवते, डांबरी रस्त्यावर जिवावर बेतते. गाडीखाली सापडलेले, नाहीतर विषारी समजून दगड खाल्लेले. विष त्याच्यात कुठेच नसतं, पण हे सांगून पटलेली माणसं मी बोटांवर मोजू शकते.

पिल्लं मात्र इतक्या वर्षांत तीनदाच हातात आली. पहिल्या खेपेला मी एक मारलं, दुसऱ्या खेपेला तीन. तिसऱ्या खेपेबद्दल सांगायचं आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते नीट कळायचं नाही.

पहिली खेप 2009 मधली. जखमी होऊन आलेली मादी आमच्याच पिंजऱ्यातल्या मातीत अंडी घालून गेली. ती वाचली नाही, अंडी वाचली. बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी अंड्यांवर घामासारखे थेंब दिसले आणि दुपारी पहिल्या अंड्याच्या टोकाला चांदणीसारखी चीर पडली. चिरेतून हरभऱ्याएवढं डोकं बाहेर आलं आणि तिथेच थांबलं. मी तासभर बघितलं. दोन तास बघितलं. चार वाजता मला राहवेना. बाळ अडलंय असंच वाटत होतं. बोटांनी कवच सोललं, ते चामड्यासारखं मऊ असतं, अलगद निघालं. पिल्लू बशीत ठेवलं आणि स्वतःवर खूश होऊन डॉक्टरांना बोलवायला गेले.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी चिमट्याच्या टोकाने ते पिल्लू हळूच उलटं केलं. पोटाखाली पिवळा बलक लोंबत होता, माझ्याच बोटाने फाटलेला. म्हणाले, "हे आत घ्यायला थांबलं होतं ते." संध्याकाळपर्यंत ते गेलं. बाकीची अंडी मी रात्रभर तशीच राहू दिली आणि सकाळी त्यातली बरीचशी पिल्लं आपापली फांदीवर बसलेली होती. आपण झोपलो होतो तेव्हा सगळं नीट झालं, हे पचायला मला फार जड गेलं.

दुसऱ्या खेपेला अंडी उबवताना काही बिघडलं नाही. चुकलं ते खाण्यात. चिलटं कमी पडली म्हणून मी जवळच्या शेतातून वालाच्या वेलीवरचा मावा आणला. मावा मऊ, हळू चालणारा, पिल्लाच्या तोंडात मावेल एवढा. कल्पना चुकीची नव्हतीच. शेतकऱ्याला विचारायचं मात्र राहिलं. त्याने आदल्या दिवशीच औषध मारलं होतं. अर्धमेला मावा जास्तच हळू चालत होता आणि मला ते सोयीचं वाटलं होतं. रात्रीत तीन पिल्लं गेली. तेव्हापासून मी केंद्राच्या मागे कुंडीत चवळी लावायला लागले, फक्त माव्यासाठी. माळी हसायचा. त्याच्या सगळ्या नोकरीत कीड यावी म्हणून झाडाची मनधरणी करणारी बाई त्याने पाहिली नव्हती. रुईवरचा पिवळाधमक मावाही एकदा मी उचलणार होते, डॉक्टरांनी अडवलं. रुईच्या चिकातलं विष तो मावा अंगात साठवतो.

तिसरी खेप 2018 सालची, मे महिन्याच्या शेवटची. माण तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. बांध नीट करताना कुदळीखाली अंडी निघाली होती आणि ती सापाचीच म्हणून वाडीतली माणसं रॉकेलची बाटली घेऊन उभी होती. ज्यांचा बांध त्या काकांनी अंड्यांवर ओलं गोणपाट टाकलं होतं आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हते. आम्ही पोहोचेपर्यंत दुपार झाली.

पांढरी, लांबट, बोराच्या बीपेक्षा जराशी मोठी अंडी. नुसती बघून ती सापाची की सरड्याची हे मीही छातीठोक सांगितलं नसतं. तीन अंडी कुदळीने फुटली होती. त्यातल्या एकात पिल्लू पूर्ण भरत आलं होतं, मेलेलं. तळहातावर घेऊन मी काकांना पाय दाखवले. शॅमेलिऑनची बोटं चिमट्यासारखी दोन जुडग्यांत जोडलेली असतात. पुढच्या पायाला आतून तीन, बाहेरून दोन, मागच्या पायाला त्याच्या उलट. तांदळाच्या दाण्याएवढ्या पायावरही ते स्पष्ट दिसत होतं. शेपटी घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली.

"म्हंजी गुहिरा व्हय ह्यो," काका म्हणाले. "लहानपणी आमी लई मारलं की वो हे." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

उरलेल्या 16 अंड्यांवर मी एकेक करून पेन्सिलीने वरच्या बाजूला फुली मारली. पेनाने मारत नाहीत, शाई आत झिरपू शकते. पक्ष्याचं अंडं पक्षीण फिरवत बसते. याचं उलट असतं. आत गर्भ एका बाजूला चिकटलेला असतो, अंडं उलटं झालं तर तो गुदमरतो. जमिनीत ज्या तोंडाने होतं त्याच तोंडाने डब्यात जायला हवं. डब्यात ओलसर वर्मिक्युलाइट होतं, रोपवाटिकेत मिळतं ते. मुठीत दाबल्यावर एखादा थेंब पडावा इतकंच ओलं. परतीच्या साडेतीन तासांत तो डबा मांडीवरून हलवला नाही. जीपचा प्रत्येक खड्डा आधी माझ्या कमरेत बसत होता.

अंडी कधी घातली होती हे कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे कधी फुटतील तेही. पण चिलटांना आधी सुरुवात करावी लागते. अंड्यापासून चिलट व्हायला 10-12 दिवस लागतात. पिल्लं बाहेर आल्यावर बाटल्या लावायला घेतल्या तर पिल्लं उपाशी. पिकलेलं केळं, थोडा गूळ, बेकरीतून आणलेलं चिमूटभर यीस्ट, वर चढायला कागदाच्या पट्ट्या, तोंडाला मलमलीचं फडकं. दर चार दिवसांनी नवी बाटली. भरवायच्या वेळी बाटली फ्रीजमध्ये तीनचार मिनिटं ठेवायची, चिलटं गारठून तळाला पडतात, मग ती हवी तेवढी झटकून घ्यायची. फ्रीज केंद्राचा होता आणि त्यात सगळ्यांचे डबे असत. त्यावरून झालेली भांडणं इथे लिहीत नाही.

अंडी जूनच्या मध्याला फुटली. बाहेर पहिला बरा पाऊस झाला होता. दोन दिवसांत 12 पिल्लं निघाली. तीन अंडी आत बुरशी येऊन काळी पडलेली होती. उरलं एक.

त्याच्या टोकाला चीर पडली, नाक दिसलं, आणि थांबलं. मी घड्याळ काढून कपाटात ठेवलं. रात्री नऊला तसंच, बाराला तसंच. अधूनमधून गळ्याची कातडी हलत होती, तेवढ्यावर मी खुर्चीत बसून राहिले. पहाटे डोळा लागला. जाग आली तेव्हा कवच रिकामं होतं आणि पिल्लू शेजारी कुशीवर पडलेलं. पोटाखाली बलकाचा ज्वारीएवढा तुकडा अजून बाहेरच होता.

सोनाराकडून आणलेल्या काट्यावर त्याच्या भावंडांचं वजन एक ग्रॅमच्या जरा आत भरलं होतं. याचं त्याहूनही बरंच कमी. अंग कळकट तपकिरी. काडी पुढे केली तर पुढच्या पायांनी धरायचं, मागचे घसरायचे. मुख्य म्हणजे दिवसाउजेडी डोळे मिटलेले. शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही. मिटले की समजायचं काहीतरी बिनसलंय. डॉक्टरांनी वहीत त्याच्यापुढे फक्त प्रश्नचिन्ह काढलं.

करायचं फार थोडं होतं, तेच अवघड होतं. माती पोटाला चिकटू नये म्हणून ओल्या टिश्यूपेपरवर, झाकलेल्या छोट्या डब्यात त्याला दिवसभर ठेवलं. बलक आत जाईपर्यंत खायला द्यायचं नव्हतंच, त्याचं जेवण त्याच्या पोटाशीच होतं. दुसऱ्या दिवशी बलक दिसेनासा झाला, नुसती बारीक रेघ राहिली. मग पाणी.

पाण्यावरून एक जुनी गोष्ट. एकदा एका अशक्त शॅमेलिऑनला आमच्याकडच्या शिकाऊ मुलाने सिरिंजने तोंडात पाणी सोडलं. जीव तोडून काम करणारा मुलगा. याची श्वासनलिका जिभेच्या लगेच मागे, तोंडात अगदी पुढे उघडते हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. पाणी फुप्फुसात गेलं. मुलगा पुन्हा केंद्रात आला नाही आणि त्याला फोन करायचं धैर्य मला झालं नाही. दोष त्याचा नव्हता.

शॅमेलिऑनला वाटीतलं पाणी कळत नाही. पानावरचा थेंब चमकतो, तो त्याला कळतो. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची बाटली असते ना, तिने जास्वंदीच्या पानांवर दव पडल्यासारखं मारायचं. मोठा थेंब नको, एवढुशा जिवाचं नाक त्यात बुडतं. मी एक थेंब काडीच्या टोकाने त्याच्या ओठाच्या कडेला टेकवला आणि मागे झाले. काही नाही. दहा मिनिटांनी परत. चौथ्या की पाचव्या वेळेला खालचा जबडा किंचित हलला. मग एक डोळा उघडला. शॅमेलिऑनचा डोळा म्हणजे खवल्यांची शंकूसारखी पापणी आणि तिच्या टोकाला टाचणीने पाडल्यासारखं भोक. तुषार अंगावर पडले की तो डोळा फुगवतो आणि आतल्या आत गरगर फिरवतो, धुऊन काढतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळा बाहेर येतोय की काय म्हणून मी घाबरले होते. त्या दिवशी तेच बघायला मी तासभर वाकून बसले होते.

उघडलेला डोळा खोल गेलेला होता आणि विष्ठेबरोबर येणारा पांढरा भाग नारिंगी होता. दोन्ही खुणा पाणी कमी पडल्याच्या. तिसऱ्या दिवसापर्यंत नारिंगीचा पांढरा झाला. आम्ही ती विष्ठा ज्या कौतुकाने बघितली तसं कुणी सोनंही बघत नसेल.

पण ते खाईना. भावंडं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चिलटांवर जिभा मारायला लागली होती. इतक्या लहान प्राण्याची जीभ त्याच्या अंगापेक्षा लांब जाते आणि डोळ्याला दिसायच्या आत परत येते. दिसतं ते एवढंच की चिलट होतं आणि आता नाही. काही जण डब्याच्या बाहेर बसलेल्या चिलटावर नेम धरून प्लॅस्टिकवर जीभ आपटून घेत. हे मात्र काडीला चिकटून, गडद होऊन बसलेलं. मी चिलटं वाढवली, बारीक निवडली, मावा दिला. डब्याची जागा बदलली. दर तासाला झाकण उघडून बघत होते.

पाचव्या दिवशी आमच्याकडचे सगळ्यात जुने कर्मचारी, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, झाडू मारता मारता थांबले. वाकून त्या पिल्लाच्या बाजूने, त्याच्या उंचीवरून त्यांनी बघितलं. म्हणाले, "ताई, त्याला समोर काय दिसतंय बघा की."

समोर दुसरा पारदर्शक डबा होता आणि त्यात भावंडं. ही जात जन्मापासून एकटी राहणारी. दुसरा दिसला की अंग फुगवतात, डोलतात, शेपटीवर पाय देऊन पुढे जातात. दणकट पिल्लू उलटून डोलतं. अशक्त पिल्लू काळं पडून दबून बसतं आणि खात नाही. हे मला माहीत होतं. मोठ्यांचे पिंजरे आम्ही नेहमी आडोसा घालून ठेवायचो. पिल्लांना मात्र एकमेकांची सोबत वाटेल असं मनात कुठेतरी होतं. शिवाय दर तासाला झाकण उघडणारी मी.

दोन डब्यांच्या मधे वर्तमानपत्र लावलं, डबा खिडकीशी नेला आणि त्या दुपारी मी माकडांच्या पिंजऱ्याकडे काम मागून घेतलं. पाचला आले तेव्हा रंग फिकट पोपटी झाला होता. आत सोडलेली चिलटं मी मोजूनच सोडायचे. आठातली पाच उरली होती. पहिला नेम कसा साधला ते मी पाहिलं नाही, कुणीच पाहिलं नाही.

रंगावरून आठवलं. केंद्रात शाळांच्या सहली यायच्या आणि हमखास कुणीतरी लाल ओढणी पुढे करायचं, "याच्यावर ठेवा ना, लाल होतो का बघू." होत नाही. तो पार्श्वभूमी बघून रंग घेत नाही. ऊन, थंडी, भीती, राग, समोरचा नर किंवा मादी यांवर रंग ठरतो. 2015 मध्ये जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या एका जातीत दाखवलं की कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यामधलं अंतर बदललं की परत फिरणारा प्रकाश बदलतो. आमच्या भाषेत मात्र पक्ष बदलणाऱ्या माणसाला सरडा म्हणतात. मला विचाराल तर सरडा जे वाटतं तेच दाखवतो. सकाळी तो उन्हाकडची बाजू काळी करतो, ऊब घेतो, आणि पुरे झालं की फिका पडतो. फिका पडून तोंड उघडं टाकलं की त्याला लगेच सावलीत न्यायचं. इतका सरळ सांगणारा रुग्ण मला दुसरा भेटला नाही.

उन्हाचंही एक शास्त्र असतं. काचेतून येणारं ऊन ऊब देतं, पण ज्या किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं ते काच अडवते. त्यामुळे जाळीच्या डब्यात, कोवळ्या उन्हात, पंधरा मिनिटं, आणि अर्ध्या डब्यावर सावली. जुलैत ऊन म्हणजे लॉटरी. ढग जरा फाटला की मी हातातलं टाकून डबे घेऊन अंगणात. कॅल्शियमसाठी समुद्रफेस काष्ठौषधींच्या दुकानातून आणायचे, धुऊन वाळवून सहाणेवर घासायचे. माकूलच्या जातीतल्या समुद्री जीवाच्या अंगातलं ते कवच, जवळजवळ सगळा चुनाच. गारठलेली चिलटं त्या पुडीत घोळवली की पिठात पडल्यासारखी पांढरी होऊन चालायला लागायची. कॅल्शियम कमी पडलं की पाय वाकतात आणि जीभ बाहेर जाते पण परत यायला वेळ लावते. धाकट्याचा मागचा एक पाय थोडा वाकडाच राहिला.

हे सगळं वाचून कुणी घरी प्रयोग करू नये म्हणून सांगते: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने याला संरक्षण आहे, बाळगणं गुन्हा आहे. सापडला तर वनखात्याला कळवायचं.

13 पैकी नऊ जगली. गेलेल्या चारांपैकी दोघांचं कारण डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. ती दणकट होती, आधी निघालेली, आधी खाल्लेली. धाकट्याच्या नादात त्यांच्याकडे माझं लक्ष कमी झालं का, हा प्रश्न मी तेव्हा कुणाला विचारला नाही.

भाद्रपदात, परवानगीचे कागद झाल्यावर, आम्ही ती त्याच शिवारात सोडली. पाऊस झालेला, बांधावर गवत, बोरीबाभळीचं दाट कुंपण, किडामुंगी भरपूर. नऊ ठिकाणी, एकमेकांना दिसणार नाहीत अशी. धाकटं शेवटी. काडी बोरीच्या फांदीला टेकवली. त्याने एक पाय पुढे केला, डोललं, मागे घेतला, परत पुढे केला. वाकडा पाय काट्याला अडकवून त्याने स्वतःला वर ओढलं. मी वहीत वेळ लिहिली, 8.40, आणि वर बघितलं तर ते दिसेना. काका, मी आणि वनरक्षक, तिघंही हातभर अंतरावरून बघत होतो.

त्यानंतर काकांचा फोन दिवाळीला यायचा, शुभेच्छांचा. 2020 मध्ये दिवाळीच्या आधीच आला. टाळेबंदीने आम्ही केंद्रात तिघंच उरलो होतो, जीप निघणं शक्य नव्हतं. काका दबक्या आवाजात बोलत होते. बोरीवरून एक गुहिरा खाली उतरलाय, हिरवा, पोट टम्म फुगलेलं, आणि बांधाच्या मातीत पुढच्या पायांनी उकरतोय. त्यांनी कुत्रं बांधून टाकलं होतं, वाटेवर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या होत्या.

मी विचारलं, मागचा पाय वाकडा आहे का? म्हणाले, गवतातून दिसत नाही, जवळ जाऊ का? नको म्हटलं.

"मग काय करू आता?"

"काही करू नका काका."

"तेच करतुया," ते म्हणाले. "सकाळधरनं बसलोय हितं."